न खोडलेलं ठिकाण

खुशाल पवनीच्या बसस्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कंदिलाची काच होती. आईनं कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून कळवलं होतं, जुनी काच तडकली, येताना आण. नागपूरपासून त्यानं ती मांडीवर जपून आणली होती. १९८३ सालचा जानेवारी होता. बी. ए.चं शेवटचं वर्ष, प्रजासत्ताक दिनाची सुटी. मुरमटोलीचे तीन कोस तो पायीच चालला. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या, खळ्यांवरून तणसाचा वास येत होता.

गावाच्या तोंडाशी त्याला सिमेंटचा एक नवा खांब दिसला. पेंटर उकिडवा बसून खालच्या पाटीवर अक्षरं रंगवत होता. शहीद हवालदार परसराम मेश्राम.

खुशाल तिथेच थांबला. ते त्याच्या बापाचं नाव होतं, आणि त्याच्या घरात कोणाला एका शब्दानं विचारलं गेलं नव्हतं.

खांब उभा केला होता तो मोठ्या विहिरीच्या अगदी शेजारी. त्या विहिरीवर परसरामच्या बायकोला पाणी भरू देत नसत. छप्पन साली मेश्रामांचं घर दीक्षा घेऊन बौद्ध झालं, कायदेही झाले, पण विहिरीपर्यंत त्यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. खुशालची आई मालनबाई आजही नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून वाटीवाटीनं घागर भरत होती.

खुशालला याची सवय कधी झाली नाही, कारण तो फौजी लाइनीत वाढला होता. महू, अंबाला, बेळगाव, जोधपूर. तू कुठला असं कोणी विचारलं की तो क्वार्टरचा नंबर सांगायचा. लाइनीत वीस घरांना एक नळ होता आणि पंजाबी, गढवाली, मद्रासी बायका आणि त्याची आई त्या नळावर रोज बरोबरीनं भांडत. जात म्हणून काही असतं हे त्याला दहाव्या वर्षी मुरमटोलीत कळलं. एकाहत्तरच्या लढाईत बाप बेपत्ता झाल्याची तार आली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि गावी आल्यावर पहिल्याच सकाळी मोठ्या विहिरीवर आईची भरलेली घागर एका माणसानं पायानं उलटी केली. तो माणूस केशवराव. आता ते सरपंच होते.

तारेनंतर सहा महिन्यांनी पलटणीनं परसरामची पेटी पाठवली. काळी, पत्र्याची, कुलूपबंद. किल्ली आलीच नाही. पण ज्यानं लाइनीत दिवस काढले आहेत त्याला पेटीचं झाकणच पुरेसं असतं. बदलीचा हुकूम आला की परसराम काडीला कापूस गुंडाळून पांढऱ्या रंगानं झाकणावर नवं ठिकाण लिहायचा. तिथे पोहोचल्यावर सामान उतरवायच्याही आधी त्याच काडीनं त्या नावावर एक बारीक रेघ मारायचा. रेघ म्हणजे पोहोचलो. रेघ मारल्याशिवाय तो पाण्याचा घोटही घेत नसे. आधी रेघ, मग पाणी, असा त्याच्या घरचा नियमच होता. लहानपणी एकदा खुशालनं हौसेनं काडी हातात घेतली तर बापानं ती काढून घेतली होती. 'जो पहुंचा, वही काटेगा,' तो म्हणाला होता.

झाकणावर महू खोडलेलं होतं, अंबाला, बेळगाव, जोधपूर खोडलेलं होतं. सर्वांत खाली पलटणीतल्या कुठल्याशा कारकुनानं लिहिलं होतं, मुरमटोली. त्यावर रेघ नव्हती.

दुपारी केशवराव दोन माणसं घेऊन आले. अंगणात बाज टाकलेली होती, तिच्यावर बसले नाहीत. नागपूरचे मोठे साहेब सव्वीसला येणार आहेत, खांबाखाली काचेच्या कपाटात शहिदाची पेटी ठेवायची आहे, असं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. गावाची शान आहे म्हणाले.

"अकरा वर्षं कुठे होती ही शान?" खुशालनं विचारलं.

केशवराव सोबतच्या माणसांकडे पाहून हसले. "मिल्ट्रीवाले साहेब गरम होऊन राहिले."

"पेटी न्या," खुशाल म्हणाला. "पण सव्वीसला झेंडा झाला की पहिली बादली माझी आई ओढेल. मोठ्या विहिरीतून. तुमच्या साहेबांसमोर."

केशवरावांनी पायातली चप्पल जमिनीवर घासली. मग मान हलवली. "ठीक हाय. शब्द देतो."

मालनबाई दारात उभी होती. ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "पेटी नाही जाणार."

खुशालनं तिला खूप समजावलं. बाबा गेले, ही गोष्ट पलटणीनं मानली, सरकारनं मानली, आता आपण मानायला हवी. निदान त्यांच्या नावावर एक घागर पाणी तरी मिळेल. ती ऐकत राहिली आणि मग झाकणाकडे बोट दाखवून म्हणाली, "रेघ कुठं हाय? ते पोचलेच नाही अजून. शेवटच्या चिठ्ठीत काय लिवलं होतं, तुले याद हाय ना?"

त्याला आठवत होतं. परसरामनं लिहिलं होतं, यंदा सुटीवर आलो की वर्दी घालून मोठ्या विहिरीवर स्वतः पाणी भरीन, पाहू कोण अडवतो.

पंचवीस तारखेला मालनबाई खळ्यावर गेली आणि खुशालचा राग अनावर झाला. केशवरावांवरचा राग, पाटी रंगवणाऱ्यावरचा राग, आणि पत्र्याच्या डब्यासमोर अकरा वर्षं बसून राहिलेल्या आईवरचाही राग. पेंटरकडून त्यानं करवंटीत थोडा पांढरा रंग मागून आणला. काडीला कापूस गुंडाळला आणि मुरमटोलीवर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. झालं एकदाचं, त्याला वाटलं.

आई परतली तेव्हा ऊन उतरत होतं. तिनं रेघ पाहिली. तो ओरड्याची वाट पाहत होता. ती ओरडली नाही. हळूच खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तूच मारली?"

"हो. मीच."

"मंग आता त्यायले तहान लागली असंल," असं म्हणून ती उठली आणि तिनं उंबरठ्यावर पाण्याचा लोटा भरून ठेवला.

दिवेलागणीला केशवरावांची माणसं पेटी न्यायला आली. मालनबाई आता अडवत नव्हती. ही पेटी ती सारवताना एकटी ढकलत असे, हे खुशालनं शंभरदा पाहिलं होतं. दोघांनी कड्यांना हात घातला, पेटी हलली नाही. चौघे लागले तेव्हा कुठे ती जमिनीपासून वीतभर सुटली. देवाजी नावाचा आडदांड गडी घाम पुसत म्हणाला, "भरलं काय हाय यात? माणूस?" पेटीखालच्या जागेतून बूट पॉलिशचा ताजा वास उठला. या घरात अकरा वर्षांत पॉलिशची डबी आली नव्हती.

पेटी शाळेच्या खोलीत ठेवली. केशवरावांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग जाता जाता, सहज आठवल्यासारखं, म्हणाले की विहिरीत पावडर टाकली आहे, महिनाभर कोणालाच पाणी ओढता येणार नाही, तुझ्या आईचं पुढल्या सालाले पाहू. त्यांच्या मागेच त्यांच्या घरची गडीण विहिरीवरून दोन भरल्या घागरी घेऊन चालली होती.

खुशालनं काहीतरी बोलायला हवं होतं. तो तसाच घराकडे वळला, आणि याची लाज त्याला पुढे फार दिवस पुरली.

घरी येऊन त्यानं कंदिलाला नवी काच बसवली. वात पेटवली तशी काच काळी पडली. पुसली, पुन्हा काळी पडली. बाहेर वारा नव्हता, कुत्री भुंकत नव्हती. मालनबाई चुलीपुढे बसून दाराकडे पाहत होती.

मग आवाज आला.

नाल ठोकलेल्या बुटांचा. लांबून, शाळेकडून. घाई नसलेला, एकसारखा, कवायतीतल्यासारखा. लाइनीत वाढलेला पोरगा पन्नास जोडी बुटांतून आपल्या बापाचे बूट ओळखतो. परसरामचा डावा पाय किंचित घासून पडायचा. हा डावा पाय घासत होता.

आवाज गल्लीत आला, अंगणात आला. उंबरठ्यापाशी थांबला. पॉलिशचा वास घरभर पसरला. खुशाल उठायला गेला तर आईनं त्याचं मनगट पकडलं.

"बाहेर नको पाहू..." ती पुटपुटली. "रेघ त्यायनं नाही मारली. तू बोलावलं त्यायले."

"बाबा...?" खुशालच्या तोंडून निघालं.

बाहेर कोणीतरी लोटा उचलला, आणि तसाच परत ठेवला. पितळेचा आवाज स्पष्ट आला. झिऱ्याचं पाणी त्याला नको होतं. बूट वळले आणि मोठ्या विहिरीकडे चालू लागले. थोड्या वेळानं विहिरीवरची कप्पी कुरकुरली. बादली खाली गेली, वर आली. खाली गेली, वर आली. सगळ्या गावानं ते ऐकलं. एकाही घराचं दार उघडलं नाही.

सकाळी शाळेच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत पेटी नव्हती. ती मोठ्या विहिरीच्या ओट्यावर ठेवलेली होती, निथळत, आणि ओट्याभोवती सगळी जमीन ओली होती. झाकणावर मुरमटोलीच्या खाली आणखी एक नाव आलं होतं. मोठी विहीर. खांबाची पाटी रंगवणारा पेंटर अशी अक्षरं काढत नव्हता, आखूड, पुढे कललेली, परेडला निघाल्यासारखी. महू आणि अंबाला ज्या हातानं लिहिलं होतं त्याच हातानं हे लिहिलं होतं. आणि त्यावर बारीक रेघ मारलेली होती.

अख्खं गाव लांब उभं होतं. मालनबाई घागर आणि दोर घेऊन आली. गर्दीतून वाट आपोआप झाली. तिनं पेटीला हात लावून नमस्कार केला, बादली सोडली, ओढली, घागर भरली आणि डोक्यावर घेऊन घरी गेली.

केशवराव पुढे झाले ते खुशालवर खेकसायला. हे तुझेच धंदे आहेत, म्हणाले. पण किल्ली त्यांच्याच कमरेला होती, आणि बोलता बोलता त्यांची नजर झाकणावर गेली. रेघ मारलेल्या विहिरीच्या खाली अजून एक ओळ होती.

केशवरावांचं घर.

त्यावर रेघ नव्हती.

साहेब आले, झेंडा झाला, भाषण पाच मिनिटांत उरकलं. पेटी कपाटात ठेवायची गोष्ट कोणी काढली नाही. खुशाल आणि त्याच्या आईनं दोघांनीच ती घरी आणली. आता ती पहिल्यासारखी हलकी होती.

या गोष्टीला तीन महिने होत आले. खुशालनं परीक्षा सोडली आहे, आईला एकटीला ठेवून त्याला जाववत नाही. मोठ्या विहिरीवर मालनबाई रोज पाणी भरते, तिच्या मागून मेश्रामांच्या वस्तीतल्या सगळ्या बायका भरतात. केशवरावांनी दाराला आतून दोन अडसर बसवून घेतले आहेत. रोज सकाळी ते देवाजीला धाडतात. देवाजी अंगणाबाहेर उभा राहून विचारतो, "खुशालभाऊ, रेघ आली का जी?" खुशाल आत जाऊन पाहतो आणि मान हलवतो, नाही. पहिल्या दिवसांत त्याला यात समाधान वाटायचं. घागर उलटी करणारा माणूस घाबरला आहे, याचं समाधान. आता पाहायला जाताना त्याचेच पाय जड होतात, कारण त्या ओळीचा रंग अजून वाळलेला नाही. बोट लावलं की बोट पांढरं होतं.

आज सकाळीही त्यानं झाकणावर वाकून पाहिलं. पॉलिशचा वास होता. रेघ नव्हती. पण 'केशवरावांचं'च्या डावीकडे, काडी टेकवून रेघ जिथून सुरू करतात नेमक्या त्या जागी, एक पांढरा ठिपका होता.

काल तो तिथे नव्हता.