गच्चीवरचं इंजिन

“तू घरी बॉम्ब बनवून राहिला का?”

गोपिकाने विचारलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. आता एक शिवी तरी नक्की... पण छे! रसवंतीचं चाक तेवढं चर्रर्र चर्रर्र फिरत राहिलं, आणि मागे कडुलिंबाच्या झाडाआड तिच्या दोन मैत्रिणी, सोनिका आणि श्वेता, तोंडात ओढण्या कोंबून खिदळत राहिल्या.

पैज त्यांचीच होती. बारावीच्या शिकवणीच्या खिडकीतून समोरची एक गच्ची दिसायची. गच्चीवर टिनाची खोली, आणि खोलीतून अधूनमधून निघणारे पांढरे ढग. कधी शिट्टी. कधी ठोकठोक. एकदा तर असा काही फट्ट आवाज झाला की अकाउंटच्या सरांच्या हातातला खडूच पडला. दुसऱ्या दिवशी त्या घरातला मुलगा रस्त्यात दिसला, तर त्याला भुवयाच नव्हत्या! तेव्हापासून मैत्रिणींमध्ये त्याचं नाव ‘बॉम्ब’. परीक्षा संपल्यावर एका दुपारी तो रसवंतीवर एकटाच उभा दिसला आणि सोनिका म्हणाली, “एवढी वादविवादात बक्षिसं आणते ना वं? जा, विचारून दाखव.”

“डोळे उघड,” तो म्हणाला. “रस सांडून राहिला तुझा.”

गोपिकाने एक डोळा उघडला. भुवया परत आल्या होत्या... थोड्याशा. खाली दोन शांत, तपकिरी डोळे.

“बॉम्ब एकदाच फुटतो,” तो म्हणाला. “मले जे बनवायचं आहे, ते रोज चाललं पाहिजे.”

“म्हणजे काय?”

“वाफेचं इंजिन.”

“नागपुरात? एप्रिलमध्ये? इथं माणसं उकडून राहिली, अन् तू मुद्दाम वाफ बनवतो?”

तो हसला. हसताना त्याची मान जराशी डावीकडे कलायची, हे गोपिकाने लगेच टिपलं. आणि आपण हे काहून टिपलं, असं स्वतःलाच विचारून घेतलं.

“दुर्गेश,” त्याने नाव सांगितलं. “पहायचं असेल तर ये. आई घरीच असते. अन् त्या झाडाआडच्या दोघींना पण आण, तिथं उभ्या राहून लू लागेल त्यांना.”

*

पहिल्यांदा तिघी गेल्या. श्वेता दहा मिनिटांत घामाने कंटाळली, सोनिका वीस मिनिटांत. गोपिका मात्र जागची हलेना.

किती सुंदर होतं ते! जाड तांब्याच्या नळीपासून बनवलेला बॉयलर, तांब्याभर पाणी मावेल एवढाच. त्याच्या अंगाला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची बारीक नळी. अंगठ्याएवढं पितळी सिलिंडर. आणि चाक जुन्या शिलाई मशीनचं, घासून घासून आरशासारखं चमकवलेलं. कबाडातून आणलेली, धातू कातायची छोटीशी लेथ एका कोपऱ्यात, हातमोज्यांची एकुलती एक जोडी खिळ्यावर.

“सगळं तू केलं?”

“दोन वर्षं झाली. पॉलिटेक्निक सुटलं की इथं.” त्याने खोक्यातून रबराची एक जुनी रिंग काढली. “आता हे झाकणाखाली बसवलं की—”

गोपिकाच्या नकळत तिचा हात पुढे गेला. तिने रिंग नखाने दुमडली, कानाजवळ नेली आणि परत दिली.

“हे नको लावू. आतून कडक झालं आहे. दोन दिवसांत भेगा पडतील.”

दुर्गेश तिच्याकडे बघतच राहिला. “तुले कसं माहीत?”

“असंच...” गोपिकाचे कान तापले. “वाचलं होतं कुठंतरी.”

“बाबा काय करतात तुझे?”

“बिझनेस,” ती म्हणाली. आणि घाईघाईने उठली.

बिझनेस! सक्करदऱ्याच्या चौकात ‘चंपतराव कुकर-स्टोव्ह रिपेअरिंग’ अशी पाटी असलेलं सहा बाय आठचं दुकान, त्याला बिझनेस म्हणायचं असेल तर बिझनेस. शाळा सुटली की गोपिका तिथेच बाबांच्या शेजारी बसायची. सातवीत असताना तिला नुसत्या शिट्टीच्या आवाजावरून कुकरचं दुखणं ओळखता यायचं. मग नववीत एका मुलीने तिच्या नखांतला काळा मळ बघितला आणि वर्गभर तिचं नाव ‘शिट्टी’ पडलं. ती घरी येऊन रडली. त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, “उद्यापासून दुकानात नको येऊ बेटा. तू हात काळे करायले नाही जन्मली.” अकरावीला तिने कॉलेज बदललं, मैत्रिणी बदलल्या, बोलकी झाली, स्टेज गाजवू लागली. दुकानाबद्दल मात्र अवाक्षर नाही. सोनिकालाही नाही.

आणि बाबांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. जूनमध्ये पुण्याला आत्याकडे जायचं, बी.कॉम. करायचं, सी.ए.चे क्लास लावायचे. स्वच्छ हातांचं काम.

*

दुसऱ्यांदा ती एकटीच गेली, ओढणी विसरल्याचं सांगून. (ओढणी गळ्यातच होती.) तिसऱ्यांदा काही न सांगता. चौथ्यांदा दुर्गेशच्या आईने, कुसुमताईंनी, दार उघडताच हाक मारली, “दुर्ग्या, तुझी इन्स्पेक्टर आली रे!” आणि पन्ह्याचे दोन पेले तिच्याच हातात दिले.

मे लागला. सकाळी आठलाच टिन तापायचं, म्हणून ते सहाला भेटू लागले. गोपिका बोल्ट किती घट्ट आवळायचा ते डोळ्यांनीच सांगायची. दुर्गेश न बोलता ऐकायचा. कधी एकाच पान्याकडे दोघांचे हात जायचे, आणि मग दोघंही म्हणायची, “घे ना... तू घे.” पाना बिचारा तिथेच पडून!

“एक विचारू?” एकदा तो म्हणाला.

“विचार.”

“पुण्याले कधी चालली?”

“बारा जूनले.”

तो चाक पुसत राहिला. पुसलेलंच चाक पुन्हा पुसत राहिला...

इंजिन मात्र रुसलेलं. वाफ धरायची, दाबाचा काटा चढायचा, चाक तीन फेरे घ्यायचं आणि गचके खाऊन थांबायचं. सिलिंडरमधून गरम पाणी थुंकायचं. दुर्गेशने व्हॉल्व्ह तीनदा खोलून बसवला, पिस्टन नवा केला. पुन्हा तेच.

“सोमवारपासून मिहानच्या एका कारखान्यात अप्रेंटिस आहे माझी,” तो शनिवारी म्हणाला. “सकाळी सातची बस. रविवारी शेवटचं पाहतो. नाही चाललं तर कबाडीवाल्याले देऊन टाकतो.”

“देऊन टाकतो म्हणे!”

“मग काय करू? रोज पाहून पाहून जीव जळते ना.”

*

रविवारी सहाला ती पोचली तेव्हा तो चंबूने बॉयलरमध्ये पाणी ओतत होता. काचेच्या नळीतलं पाणी वर, वर, पार वरच्या टोकाला. त्याने झाकण आवळलं, बर्नर पेटवला. काटा हलला. दोघांनी श्वास धरला. दुर्गेशने व्हॉल्व्ह उघडला...

एक फेरा. दोन. तीन. फस्स! पितळी तोंडातून गरम पाणी उडालं आणि चाक ठप्प.

दुर्गेशने बर्नर बंद केला आणि उपड्या बादलीवर बसला. दोन वर्षं त्याच्या खांद्यांवर एकदम येऊन बसली होती.

“तू नेहमी एवढं पाणी भरतो?” गोपिकाने हळूच विचारलं.

“गळ्यापर्यंत. मागे एकदा कोरडा पडला होता बॉयलर. जोड उसवला अन् भुवया गेल्या. तेव्हापासून रिस्क नाही घेत मी.”

आणि गोपिकाला कळलं. अगदी लख्ख कळलं! पण बोलायचं, तर कुठून कळलं तेही सांगावं लागणार. ‘वाचलं होतं’ असं परत म्हणता आलं असतं... पण तो असा बसलेला, आणि आपण त्याच्याशी खोटं बोलायचं? हजार मुलांसमोर न घाबरणारी गोपिका एका मुलासमोर घाबरली.

“माझे बाबा कुकर दुरुस्त करतात,” ती म्हणाली. “सक्करदऱ्याले. मी पण करायची. नववीपर्यंत.”

मग ती भरभर बोलत सुटली. “बाया कुकर घेऊन येतात ना, म्हणतात शिट्टी खराब झाली, वाफेऐवजी वरणच उडते. शिट्टी एकदम चांगली असते! त्यांनी कुकर गळ्यापर्यंत भरलेला असतो. वाफेले वर बसायले जागाच नसते, मग ती पाण्याले घेऊन बाहेर पळते. तुझ्या बॉयलरचं पण तेच आहे. सिलिंडरमध्ये वाफ नाही जात, पाणी जाते. भीतीनं भरून भरून तू तिची जागाच खाल्ली, दुर्गेश.”

खाली कुणाच्या तरी कूलरचा पंप सुरू झाला.

“मले माहीत होतं,” तो म्हणाला.

“पाण्याचं?”

“नाही. कुकरचं.” त्याची मान डावीकडे कलली. “रबर नखानं दुमडून कानाशी नेणारा माणूस मी एकच पाहिला. चंपतरावकाका. मी गॅसकेट त्यांच्याकडूनच आणतो. तू पहिल्या दिवशी रिंग कानाशी नेली, अन् मी ओळखलं.”

“एक महिना झाला!” गोपिकाला रडू येत होतं की राग, तिचं तिलाच कळेना. “बोलला काहून नाही मग?”

“तुले सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील, म्हटलं. अन् मी तर वाट पाहत होतो. काकाकडे जाऊन सांगावं वाटे, की तुमची पोरगी तुमच्यापेक्षा हुशार आहे.”

गोपिकाने चटकन तोंड फिरवलं. मग ओढणीने नाक पुसून म्हणाली, “चल. पाणी काढ. दोन हिस्से पाणी, एक हिस्सा रिकामा. पण आधी—”

“थंड होऊ दे,” दोघंही एकदम म्हणाले. आणि दोघंही हसले.

तो अर्धा तास! काही करायचं नव्हतं, फक्त तांबं निवायची वाट बघायची होती. शेजारी शेजारी, मध्ये एक वीत अंतर. त्या विताएवढ्या जागेत किती काय काय होतं...

“पण पाणी आटलं तर?” तिने झाकणाचे बोल्ट खोलले, आणि पाणी कमी करताना त्याचा हात अडखळला.

“काचेवर मी लक्ष ठेवते. खालच्या खुणेपाशी आलं की ओरडते. तू फक्त चाक पाहा.”

“नक्की?”

“भरवसा ठेव ना गा.”

त्याने ठेवला. काटा चढला. व्हॉल्व्ह उघडला. एक फेरा. दोन. तीन... चार, पाच, छक् छक् छक् छक्! शिलाई मशीनचं चाक असं फिरू लागलं की त्याचे आरे दिसेनासे झाले. पांढरी वाफ टिनाला भिडली. दुर्गेश वेड्यासारखा हसत होता, आणि गोपिका काचेवरची नजर न हलवता हसत होती, गालांवरून घाम का पाणी काहीतरी ओघळत होतं.

“खूण आली!” सहा मिनिटांनी ती ओरडली. त्याने बर्नर बंद केला. चाक हळूहळू, लाडात आल्यासारखं थांबलं.

“गोपिका...”

“हं?”

“मले तू आवडते. म्हणजे... इंजिनापेक्षा जास्त असं खोटं नाही बोलत. पण इंजिनाइतकीच.”

“इंजिनाइतकी?” तिने डोळे मोठे केले. “अरे बाप्पा! मग तर लईच झालं.”

“अन् तुले?”

“मले?” तिने त्याच्याकडे पाहिलं, त्या अर्धवट उगवलेल्या भुवयांकडे. “मले इंजिनापेक्षा थोडा जास्त. थोडासाच हं. हवेत नको जाऊ.”

मग तो गंभीर झाला. “माझ्यासाठी पुणं नको सोडू पण. उद्या म्हणशील, तुझ्यापायी राहिली.”

“तुझ्यासाठी कोण राहून राहिलं?” ती म्हणाली. “तू तर सकाळी सातच्या बसनं चालला.”

त्याने कापडाचा तुकडा पुढे केला. तिने आपले हात पाहिले: तेल, काजळी, नखांत तांब्याचा हिरवट मळ.

“असू दे,” ती म्हणाली.

*

घरी बाबा जेवायला बसले होते. आई, पुष्पलता, पोळी वाढत होती. तिची नजर गोपिकाच्या हातांवर गेली.

“हे काय वं? कुठं होती तू?”

“वाफेचं इंजिन चालवत होती. सहा मिनिटं चाललं, आई!”

आईने पोळी तशीच हातात धरली. “पोरगा आहे का कोणी?”

“हाव, आहे. दुर्गेश नाव आहे. बाबा ओळखतात त्याले. तुम्हाले भेटायले घेऊन येते मी. पण मी आता जे सांगून राहिली, ते त्याच्यामुळे नाही.”

चंपतरावांनी घास खाली ठेवला. तेही तिच्या हातांकडेच बघत होते. “बेटा, मी तुले सांगितलं होतं ना—”

“हाव बाबा. मी रडली म्हणून सांगितलं होतं तुम्ही. मले तुमच्या दुकानाची लाज वाटली होती. तुम्ही ते समजले, अन् एक शब्द नाही बोलले.” तिने ते काळे हात मागे लपवले नाहीत. “मी पुण्याले नाही जात. आत्याले मी फोन करते. मी इथंच पॉलिटेक्निकले मेकॅनिकल घेणार. दहावीच्या मार्कांवर लागते, माझे मार्क आहेत. दोन वर्षं मागे पडीन, पडू द्या. अन् फॉर्म निघेपर्यंत, उद्या सकाळपासून, मी तुमच्याबरोबर दुकानात येणार.”