खाजणातली लढाई

शहाण्णव सालच्या आषाढात महिपती आमच्या हमरापूरच्या कारखान्यात आला, तेव्हा मी एका गणपतीच्या सोंडेला रंगाचा पहिला हात देत होते. महिपती म्हणजे रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका मंडळाचा अध्यक्ष. भिजलेली छत्री दाराशी उलटी ठेवून तो म्हणाला, "यंदा मूर्तीबरोबर देखावाही तुमच्याकडूनच. लढाईचा."

"कुठली लढाई?" माझ्या नवऱ्यानं, प्रविणनं विचारलं.

"आपलीच. डोंगरवाले आणि खारेवाले."

ही गोष्ट तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. पण आमच्याकडे पेणपासून रोह्यापर्यंत म्हातारी माणसं सांगतात. कुणी एक सरदार होता. तो गेला, आणि त्याच्या दोन मुलांनी मुलूख वाटून घेतला. थोरल्यानं डोंगराकडची भातं आणि गोडं पाणी घेतलं, धाकट्यानं खाडी आणि मिठागरं. मग बिनसलं. वरच्यांनी तांदूळ अडवला, खालच्यांनी मीठ अडवलं. एका आईच्या दोन लेकी दोन बाजूंना दिलेल्या, आणि त्यांचे नवरे तलवारी उपसून एकमेकांवर धावले. शेवटी जिंकलं कोण? रोह्याकडे विचारा, सांगतील आमचे. पेणकडे विचारा, तेही सांगतील आमचे.

"आम्हाला डोंगरवाले जिंकलेले पाहिजेत," महिपती म्हणाला. "आपलं सैन्य बांधावर उभं, आणि खारेवाले होड्यांतून पळतायत. बस."

मी मनातल्या मनात हरखले. कारण मी डोंगरवाली. माझं माहेर रोह्याच्या वरच्या अंगाला, भात आणि वाल पिकवणारी माणसं आम्ही. प्रविणशी लग्न केलं ते माझ्या मर्जीनं. बाबांना ते रुचलं नाही. "खाऱ्या मातीत काय उगवतं?" एवढंच म्हणाले आणि बोलणं टाकलं, त्याला दोन वर्षं झाली होती. पण बाबा गणपतीत अष्टमीचे देखावे बघायला हमखास जायचे. आपलं सैन्य जिंकलेलं बघतील, हे आपल्या वैशालीच्या हातचं आहे असं कुणीतरी त्यांना सांगेल, असं माझ्या मनात आलं.

सासूबाईंनी मात्र कुंचला खाली ठेवला. त्यांचं नाव हौसा. मिठागरावर वाढलेली बाई, बोलणं तिखट. "माजी मानसं पलताना मी नाय रंगवनार."

"आई, ऑर्डर हाय," प्रविण म्हणाला.

"मंग हाय तर हाय."

पण रंगवली त्यांनीच. डोळ्यांची आखणी अशी केली, की ते खारेवाले पळतायत असं कुणी म्हटलं नसतं. एकाला तर त्यांनी प्रविणचं बसकं नाक दिलं. मी डोंगरवाले रंगवले. त्यातल्या एकाला बाबांची आठी दिली आणि डावीकडून खाली झुकलेली मिशी. कुणाला सांगितलं नाही.

वीतभर उंचीची माणसं ती. प्रत्येकाच्या पायातली तार देखाव्याच्या शाडू थापलेल्या फळीतून आरपार घालून खालून वाकवलेली. ओढली तरी हलायची नाहीत.

श्रावणातली तिन्हीसांज होती. प्रविण रंग आणायला पेणला गेलेला. बाहेर पाऊस एका सुरात पडत होता, आणि लाईट गेली. त्यात नवल काही नाही, ती रोजच जायची. सासूबाई अंधारात काडेपेटी चाचपत होत्या.

तेवढ्यात वास आला. आमच्या कारखान्यात रंगाचा आणि रॉकेलचा वास असतो. हा खाजणाचा होता. ओहोटीला उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाचा, खेकड्यांच्या बिळांचा. खाडी तर आमच्यापासून बरीच लांब.

मग आवाज सुरू झाला. चुबुक... चुबुक... चिखलातून पाय उपसावा तसा. एक पाय नाही, पुष्कळ पाय. आणि फार लहान.

"आई... तुम्ही चालताय?"

"मी हितंच बसलेय गो..." त्या कुजबुजल्या. "मना वाटला तू..."

कंदील लागला. आवाज थांबला. मी फळीकडे बघितलं. बांधावर उभे केलेले माझे डोंगरवाले बांध उतरून खाली आले होते. होड्यांची तोंडं फिरली होती. आणि वाळलेल्या मातीवर त्यांच्या मागे पावलं उमटली होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

आम्ही दोघींनी आधी एकमेकींवर आळ घेतला. मग फळी उचलून खालून बघितली. तारा जशाच्या तशा वाकवलेल्या होत्या, फक्त वेगळ्या जागी. फळीला जुनं भोक एकही नव्हतं.

प्रविणला सांगितलं तर तो हसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तो कारखान्यातून हलला नाही. लाईट गेली. वास आला, तसा त्यानं माझा हात घट्ट धरला. चुबुक चुबुक सुरू झालं, पण आता घाईनं, आणि त्यात कुठंतरी डब्याच्या झाकणावर नख वाजावं तसा बारीक ढोल. सासूबाईंनी कंदील पेटवला.

डोंगरवाले पार पुढे मुसंडी मारून गेले होते. खारेवाले होड्या टाकून मागे हटत होते. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मी टाळ्या पिटल्या. "आई, बघा! आमचे जिंकले!"

सासूबाई रागावल्या नाहीत. कंदील जवळ नेऊन त्यांनी नीट निरखलं, आणि हळूच हसल्या. "कुटं नेलंय तुज्या मानसांना, बगितलंस का?"

"कुठं?"

"खाजनात. आमची मानसं पलत नाय गो... वाट दावतात. वरच्या मानसाला खाजन कललं नाय कवाच." कंदील आणखी खाली धरत त्या म्हणाल्या, "आता फकस्त भरती येवाची बाकी."

मी वाकून बघितलं. माझे डोंगरवाले गुडघ्यापर्यंत मातीत होते. शाडूची ती जमीन मी स्वतः थापलेली, दगडासारखी वाळलेली. बोट लावलं तर बोट ओलं झालं. चाखून बघितलं. खारट.

झोप कसली लागणार? सकाळी बघितलं तर डोंगरवाले कंबरेपर्यंत. दुपारी छातीपर्यंत. लाईट होती, आम्ही समोर होतो, कुणी हलताना दिसलं नाही, आणि तरी ते खचत होते. बाबांच्या मिशीचा तो शिपाई सगळ्यात पुढे. मी त्याच्या खांद्याला धरून ओढलं. तो निघेना. माती त्याला आतून धरून होती. आणि माझ्या बोटांना तो... थरथरतोय असं लागलं.

मी रडायलाच लागले. "आई, काढा हो त्यांना! तो... ते माझे बाबा आहेत."

सासूबाईंनी त्या शिपायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर खोचला. मला वाटलं त्या मातीत हात घालतील. त्यांनी हात घातला नाही. त्या फळीवर वाकल्या आणि आपल्या खारेवाल्यांवर ओरडल्या, मिठागरावर माणसांना हाका मारतात तशा.

"काय रं मर्दांनो! मानूस बुडतंय नि बगत रायलाव? आयशीनं ह्याच्यासाठी मोटं केलान? फल्या टाका! दोर टाका! हला!"

भरदुपारी, लाईट असताना, कारखान्यात अंधार झाला. पावसानं आभाळ गच्च भरलं असेल. मी तसंच म्हणते. वास असा दाटला की श्वास घेववेना. मग होडी उलटी पडल्याचा आवाज. फळ्या आपटल्याचा. धापा. कुणीतरी बारीक आवाजात "हेऽऽ... लाऽऽ" म्हणत होतं, आणि पुष्कळ जण साथ देत होते. माझ्या दंडात प्रविणची बोटं रुतली. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर एक मोठा चुबुक् झाला, आणि त्यापाठोपाठ... हसणं. पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसं, ती सगळी चिमुकली माणसं हसत होती. इतकं मनापासून की आम्हालाही हसू फुटलं.

उजेड परत आला तेव्हा लढाई संपली होती. होड्या उलट्या घालून चिखलावर वाट केलेली होती. फेट्यांचे दोर वळलेले होते. सगळे बांधावर बसलेले होते, पाय पसरून, एकमेकांना टेकून. आम्ही बसलेलं माणूस एकही केलं नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत सगळे काळे, खारेवाला कोण नि डोंगरवाला कोण ओळखू येईना. बाबांचा शिपाई मात्र मी मिशीवरून ओळखला. त्याच्या कंबरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक बसक्या नाकाच्या पोराच्या हातात होतं.

"जिंकलो आमी!" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमची येक तरी तलवार वर दिसतेय का? सगल्या गेल्या खाजनात."

"जिंकलात, आई," मी म्हटलं आणि त्यांच्या गळ्यात पडले.

महिपती टेम्पो घेऊन आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "अहो, हे काय? आमचे जिंकलेले कुठायत?" तो वाकून बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा सैल झाला. "हा बघा, हा कसा हसतोय लबाड," तो म्हणाला आणि स्वतःच हसायला लागला. "राहू दे. असाच नेतो. पण जिंकलं कोण म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, खारेवाले," सासूबाई म्हणाल्या.

अष्टमीत त्या वर्षी कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत रांग लागली. गौरी जेवल्यानंतर आम्ही तिघं बघायला गेलो. रांगेत पुढे बाबा उभे होते. मी हाक मारली नाही. धीर झाला नाही. ते देखाव्यापाशी पोचले आणि तिथंच थांबले. मागचे लोक ओरडायला लागले तरी हलेनात. मग वळले आणि थेट माझ्यापाशी आले.

"त्यो मिशीवाला मी हाय का गो?"

मी मान हलवली.

"नि मला वढून काढनारा?"

मी प्रविणकडे बघितलं. तो मान खाली घालून आपलं बसकं नाक चोळत होता. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या कपाळावरची आठी एकदम मोडली आणि ते खो खो हसायला लागले. "चला घरी. आईला सांगतो, वालाचं बिरडं टाक म्हनून. आनि विहीनबाई, तुमी पन चला. लडाई कशी जिंकली ती ऐकू द्या आमाला."

सासूबाईंनी वाटभर ऐकवली. बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

विसर्जन झाल्यावर महिपतीनं फळी परत पाठवली. मूर्ती तशाच होत्या, बसलेल्या, वाळून पांढुरक्या पडलेल्या. धुवायला म्हणून आम्ही फळी पडवीत आडवी केली आणि सासूबाई एकदम थांबल्या.

फळीच्या खालच्या अंगाला कालवं, म्हणजे खाडीतली शिंपलं, धरली होती. खडकाला धरतात तशी, दाट, थरावर थर. अष्टमीच्या मंडपात ती फळी कोरड्या टेबलावर ठेवलेली होती. सासूबाईंनी कोयत्याच्या टोकानं एक उघडलं. आतून पाणी उडालं. जिवंत होतं. त्यांनी ते तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं.

"आपल्याच खाडीचा हाय," त्या म्हणाल्या. मग शिंपल्यावरचे थर अंगठ्यानं चाचपत राहिल्या. "पन यवडा जुना... मी अजून पायला नाय."

दुसरं त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी खाल्लं. खारट होतं, गोड होतं, आणि कुणाच्या तरी हातात बराच वेळ राहिल्यासारखं कोमट होतं.