कमळपानांवरचा बाप

मोहिमेचा हेतू एकच होता: अप्पांना कमळपक्षी दाखवायचा, तोही पिल्लांसह! उभा जन्म शिलाई मशीनवर वाकून काढलेल्या या शिंप्याने, आईमागे एकट्याने वाढवलेल्या आपल्या लेकीच्या तोंडून त्या पक्ष्याचे कौतुक इतके ऐकले होते, की या उन्हाळ्यात त्यांनी हट्टच धरला. "नुसती सांगतेस. एकदा या डोळ्यांना दाखव तरी!"

पशुवैद्य लेकीने ते मनावर घेतले. पक्षीमित्रांचा गट सकाळीच पाणथळ अभयारण्यात पोहोचला. बाकीची मंडळी काठावरच्या मचाणावर थांबली. होडीतून निघाली ती तिघेच. वल्हे लेकीच्या हातात, पुढे अप्पा, आणि मागे कॅमेऱ्याचे लांबलचक भिंग मांडीवर सांभाळणारा गटातला एक दंतवैद्य.

उन्हाने तळे आक्रसले होते. काठचा चिखल तडकला होता. मधल्या उथळ, कोमट पाण्यावर मात्र कमळाची पाने एकमेकांना खेटून पसरली होती, आणि त्यांवरून लांब बोटांचा, पांढऱ्या भुवईचा एक पक्षी अलगद चालत होता. मागे तीन पिल्ले!

"अजून जरा पुढे घ्या ना," दंतवैद्य कुजबुजला.

अप्पांना नीट दिसावे म्हणून लेकीनेही मोह आवरला नाही. वल्ह्याचा एक फटका जास्त पडला. खर्रर्! होडी गाळात रुतली.

पक्षी किंचाळला आणि एक पंख फरफटत पाण्यावर तडफडू लागला. पिल्ले पानाला चिकटून उघड्या उन्हात निपचित बसली.

"अगं, पंख मोडला का त्याचा?"

"नाटक करतोय, अप्पा. आपल्याला दूर न्यायला. आपण हललो नाही तर तो परतायचा नाही, आणि या उन्हात पिल्लं सावलीविना तगणार नाहीत!"

तिने जोर लावला. होडी ढिम्म! तोवर अप्पांनी विजार दुमडलीही होती.

"अप्पा, उतरू नका!"

"वजन कोण कमी करणार? हा कॅमेरा?"

ते उतरले. ओशाळलेल्या दंतवैद्याने कॅमेरा ठेवून मागोमाग उडी घेतली. दोघांनी खांदा लावला. होडी डुगडुगली... सुटली! पण अप्पा छातीपर्यंत खचले.

"वल्हं धरा! घट्ट!"

लेकीने ओढले, दंतवैद्याने खालून रेटले. अप्पा होडीत येऊन पडले, मागोमाग दंतवैद्यही चढला. अप्पांचा चष्मा मात्र गाळातच राहिला.

होडी दूर, लव्हाळ्यांच्या आडोशाला थांबली.

"आला का गं तो?" हिरव्या, धुरकट पसाऱ्याकडे पाहत अप्पांनी विचारले. "मला तर काहीच दिसत नाही."

लेकीने दुर्बीण त्यांच्या हातात दिली. "हिला चष्मा लागत नाही. हे चाक हळूहळू फिरवा."

सुईत दोरा ओवणारी ती बोटे सावकाश फिरू लागली. मग थबकली.

"अगं, याला पाय किती!"

"पिल्लांचे आहेत. पंखाखाली उचलून घेतलंय त्यानं. पाय तेवढे बाहेर लोंबतात."

"आणि यांची आई?"

"ती नाही थांबत. हा एकटाच वाढवतो."

अप्पांनी चाक पुन्हा जरासे फिरवले.

"बरं आहे त्याचं," ते म्हणाले, "वेण्या तरी घालाव्या लागत नाहीत!"

लेक हसली, आणि हसता हसता तिने चिखलाच्या हातांनीच डोळे पुसले. दंतवैद्याचा कॅमेरा झाकलेलाच होता. वल्हे उचलण्याची घाई कुणालाच नव्हती.