एका विचारण्याला दोन उत्तरं

योहेई म्हातारा गोठलेल्या तळ्यावर निघाला, तो सुनेला हंस दाखवायला. दुसरं काही काम नव्हतं. उद्या सकाळच्या बसने ती, किनुए, कायमची जाणार होती. तिचा नवरा, योहेईचा मुलगा शिन्साकु, तळ्यात बुडाला, त्याला तीन हिवाळे झाले. प्रेत मिळालं नाही. बंदरावरच्या एका विधुर न्हाव्याशी तिचं लग्न सासऱ्यानेच ठरवलं होतं.

तळ्याच्या मधोमध ऊन पाण्याचा झरा आहे. तेवढी जागा गोठत नाही, म्हणून हंस तिथे उतरतात. पुढे योहेई, हातात लोखंडी पहार. मागे वीस हात दोराच्या टोकाला किनुए, हातात काठी. तळ्यावरची रीत अशी: पुढच्याने बर्फावर तीन ठोके मारून विचारायचं, मागच्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. म्हणजे मागचा उभा आहे. एका विचारण्याला दोन उत्तरं आली, तर पुन्हा विचारायचं नाही. गप्प घर गाठायचं. का, ते त्या गावात कुणी सांगत नसे.

"माना पंखात घालून बसलेत," हंस बघत किनुए म्हणाली. "तुमच्यासारखे, मामंजी."

"मी झोपत नाही. डोळे मिटून विचार करतो."

"घोरत?"

योहेई हसला नाही, पण त्याला बरं वाटलं.

परत फिरले आणि धुकं उतरलं. भर दुपारी स्वतःची पहार दिसेना. झऱ्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास पाठीशी ठेवून तो चालला. अर्ध्या तासाने तोच वास समोरून आला. तो वळला. पुन्हा समोरून. चाळीस हिवाळ्यांत तो कधी चुकला नव्हता.

त्याने तीन ठोके मारले. मागून दोन आले. मग त्याच्या तळपायाखालून दोन आले... आणि जरा थांबून, आणखी एक.

तो एक उशिराचा ठोका शिन्साकुची खोडी होती. त्यासाठी बापाच्या शिव्या खायचा.

गप्प घर गाठायचं, हे योहेईला ठाऊक होतं. त्याचा हात आपसूक वर गेला. त्याने पुन्हा तीन ठोके मारले.

दोन... आणि एक.

"मामंजी..." किनुए दोराला धरून जवळ आली होती. "हे त्यांचं..."

"काही नाही. बर्फ तडकतोय."

"मी ओळखते."

"काठी खाली ठेव, किनुए."

तिने वाकून दोनदा ठोकलं. खालचा आवाज पुढे सरकला, थांबला, पुन्हा वाजला. दुसरी वाट नव्हती. ते त्याच्यामागून गेले, आणि काठाला लागले.

सकाळी बस आली. किनुए पेटीवर बसून होती.

"ऊठ," योहेई म्हणाला.

"आज नको, मामंजी."

बस गेली.

आता जून लागलाय. तळं कधीच मोकळं झालं. न्हाव्याने दुसरी केली. दोरीने बांधलेली पेटी दाराशी तशीच आहे. संध्याकाळी योहेई जेवायला बसला, की फळ्यांच्या जमिनीखाली तीन ठोके पडतात. तो वाडगा धरून राहतो. आतल्या खोलीतून किनुएच्या काठीचे दोन उत्तर देतात.

सकाळी ती पाण्याला गेली, की तो काठी उचलून बघतो. टोकाला बोटभर बर्फ असतो.