बाहेरची कडी

तिन्ही अंगांनी तासलेले कडे आणि चौथ्या अंगाला एकच नागमोडी वाट असलेला किल्ले धारकोंड पहाटेच्या धुक्यातून हळूहळू वर आला, तेव्हा पूर्वेच्या बुरुजावर नगारा झडला, महादरवाजाचे अडसर निघाले आणि गस्तीचे थकलेले पहारेकरी मशाली मातीत विझवून आपापल्या राहत्या अळंगांकडे वळले. गडाच्या दक्षिण टोकाला, कड्याच्या अगदी कडेशी, कैद्यांच्या कोठ्या होत्या. त्यांच्यापलीकडे ढकलशिळा. तिच्यावरून लोटलेल्या माणसाची किंकाळीसुद्धा खालच्या खोऱ्यापर्यंत धड पोहोचत नसे. सूर्य माथ्यावर यायच्या आत त्या शिळेवरून बायांची कोठी रिकामी करायची, असा किल्लेदार हैबतराव सावळे यांचा बेत होता.

या बाया होत्या तरी कोण? कुणी घाटाखालची विधवा, दिवस गेले म्हणून गोतानेच धरून दिलेली. कुणी नवऱ्याचा मार चुकवून पळालेली. सगळ्यांचा गुन्हा एकच, शिंदळकी. आता शिंदळकी एकट्या बाईला कशी साधते, हे विचारण्याची बुद्धी मात्र एकाही न्यायसभेला झाली नव्हती. बाईला जन्माची कैद आणि बाप्याने गोताला एक जेवण घातले की तो शुद्ध! असल्या न्यायाला न्याय म्हणायचे, तर जिभेला विटाळ होतो.

गेल्या पावसाळ्यापासून गडावर एक रोग हिंडत होता. अंगावर तांबूस डाग उठत. ते खाजत नसत, दुखत नसत, तळहातांवर नि तळपायांवरही येत. मागून घशात चट्टे पडत, केस पुंजक्या-पुंजक्याने गळत. जाणते त्याला फिरंगरोग म्हणत, शिबंदीचे लोक गरमी म्हणत. बायांच्या कोठीत तो दिसला, शिबंदीत दिसला, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे बाईची सावलीही पाहिली नव्हती अशा पुरुषकैद्यांतही दिसला. हैबतरावांनी त्याला आपल्या पदरचे नाव दिले, ‘बायांची बाधा’. एकदा असे नाव पडले की निम्मा निवाडा तिथेच होऊन जातो. उरलेला निम्मा ढकलशिळेवर व्हायचा होता.

कडेलोटाला हुजूरची मंजुरी लागे. त्यासाठी विसाजीपंत दाभाडकर नावाचे कारभारी आदल्याच दिवशी गडावर दाखल झाले होते. पंत दुष्ट नव्हते, घाईत होते. आणि घाईतल्या सज्जनाइतका दुर्जनाच्या कामी येणारा माणूस दुसरा नाही. त्यांना दुपारच्या आत गड उतरून पुढचा मुक्काम गाठायचा होता.

आता धारकोंडची एक जुनी चाल सांगितली पाहिजे. पूर्वी कधी एका किल्लेदारणीने नवऱ्यामागे गड झुंजवला होता. तेव्हापासून हुजूरचा माणूस गडावर कोणताही हुकूम कायम करी, तेव्हा सदरेच्या पडद्याआडून किल्लेदारीणबाईंचा हात बाहेर येई, आणि त्या हातचा विडा त्याने उचलला की हुकूम पक्का होई. घराण्यात गोषा कडक. बाईंचा चेहरा कुणी पाहिलेला नसे, हात मात्र साऱ्या गडाच्या ओळखीचा असे.

हैबतरावांच्या पत्नी सगुणाबाई यांच्या घरी कैदेतल्या बायाच दळणकांडण करीत. दोन दिवसांपूर्वी येसू नावाची कैदीण पिठाची पाटी पुढे करीत असता तिचे डागाळलेले तळहात बाईंना दिसले आणि त्या संतापल्या.

“पाटी खाली ठेव, मेले! तुमच्या कोठीतूनच ही घाण गडभर गेली म्हणतात. जनाची नाही, मनाची तरी लाज धरायची होतीस!”

येसूने पाटी ठेवली, पण मान खाली घातली नाही.

“बाईसाब, येक इचारू? आमच्या कोठीची कडी कुटनं हाय?”

“म्हणजे?”

“भाईरनं हाय. आतनं न्हाईच. मंग आमी कुनाला बलावनार, आन कुनाला न्हाई म्हननार? ज्येच्या हातात कडी, त्येची मर्जी. शिबंदी येती. जमादार येतो. आन...” ती थांबली. तिची नजर बाईंच्या हाताकडे गेली होती. “मेंदीखाली तुमच्याबी हातावर हायत की वं, बाईसाब.”

ते डाग पित्ताचे, असे सगुणाबाईंना सांगण्यात आले होते. त्यांनी ते मेंदीने झाकले होते. आता त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली, आणि आठवता आठवता तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्याच दुपारी त्रिंबकभट वैद्यांना बोलावून पडद्याआडून हात पुढे केला. वैद्यांनी नाडी धरली आणि नेहमीचे बोल काढले.

“उष्णता आहे, बाईसाहेब. पित्त उसळलंय.”

“वैद्यबुवा, इकडच्या पानात दीड महिना मीठ नाही. आंबट नाही, भाजीपाला नाही. सकाळी कणकेत गुंडाळलेली गोळी दाताला न लावता गिळणं होतं, आणि ती गोळी तुमच्या हातची. हे पथ्य पित्ताचं का?”

वैद्यांचा हात नाडीवरून निसटला.

“रसकापूर आहे तो,” ते म्हणाले. “फिरंगावरचा. स्वारींनी शपथ घातली होती.”

“आणि पुरुषांच्या कोठीत कसा गेला? तिथं तर बाई नाही.”

“सुईनं. नवा कैदी आला की त्याच्या मनगटावर गडाची खूण गोंदतात. करवंटीतली काजळी तीच, सुई तीच. जमादाराचा माणूस ती थुंकीनं ओली करतो आणि एकाचं रक्त पुसतही नाही, तोवर दुसऱ्याला टोचतो. कितीकांना पहिला फोड त्या गोंदणावरच आला, बाईसाहेब. मी स्वारींना विनवलं, सुई बदला, निदान जाळात तरी धरा. तर म्हणाले, चोराचिलटांसाठी एवढे सोहळे कशाला?”

“हे परवा सदरेवर सांगाल?”

“माझी पोरंबाळं या गडावर आहेत.”

“मग आपण होऊन काही सांगू नका,” सगुणाबाई म्हणाल्या. “पण पंत विचारतील तेव्हा खोटं बोललात, तर त्या बायांना तुम्हीच लोटलंत असं मी समजेन.”

आणि तो दिवस उजाडला. सदर भरली. किल्लेदार मंदिलाचा तुरा सावरीत बैठकीवर बसले, उजव्या हाताला पंत, डाव्या हाताला वैद्य आणि जमादार. खाली चौकात एका दोरीला हात बांधलेल्या बाया उभ्या होत्या, येसू सर्वांत पुढे. हैबतरावांनी घसा साफ केला.

“पंत, या शिंदळांनी गड नासवला. आमचे इमानी शिपाई यांच्यापायी सडताहेत. धन्याचा गड निर्मळ राखणं हा आमचा धर्म. हुजुरांनी मंजुरी द्यावी.”

काय तोंड होते! सकाळची गोळी पोटात विरघळलीही नव्हती, आणि धर्म ओठावर!

“वैद्यांचं मत?” पंतांनी विचारले.

“रोग फिरंगाचाच,” त्रिंबकभट जमिनीकडे पाहत म्हणाले. पुढे ना त्यांनी काही सांगितले, ना पंतांनी विचारले.

“तर मग हुकूम कायम,” पंत म्हणाले. “विडा यावा.”

पडदा हलला. हात बाहेर आला. पण हातात विडा नव्हता. घासून घासून मेंदी उतरवलेला तळहात उताणा पसरलेला होता, आणि त्यावर ते तांबूस डाग सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसत होते.

“विडा!” हैबतराव गरजले.

“विडा मागाहून,” पडद्याआडून शांत आवाज आला. “पंत, आधी हात पाहावा. येसू, तूही हात वर कर. आता दोन्ही हात पाहावेत. एक कैदेतला, एक किल्लेदारांच्या घरातला. मी कोठ्यांची पायरी कधी चढले नाही. माझ्या दारात एकाच पुरुषाला वाट आहे. मग हे माझ्याकडे कुणी आणलं?”

सदरेवर कुणी कुणाकडे पाहीना. हैबतरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

“बाईंना भ्रम झालाय! आत न्या त्यांना!”

तेव्हा पडदाच बाजूला झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराण्यातल्या स्त्रीचा हात सोडून काही कुणी पाहिले नव्हते, त्या घराण्यातली सून डोईवरचा पदर सावरीत, तलवार उपसू पाहणाऱ्या नवऱ्यासमोरून, भर सदरेवरून उतरून चौकात गेली आणि दोरीचे मोकळे टोक आपल्या मनगटाभोवती गुंडाळून येसूच्या पुढे उभी राहिली.

“रोग्यांचाच कडेलोट करायचा ना? मग पंक्तिभेद नको. पहिली मी. माझ्यामागे इकडची स्वारी. त्यांच्यामागे जमादार. कड्या ज्यांनी उघडल्या ते सगळे संपले आणि तरीही हौस उरली, तर या बाया.”

“बाईसाब, नगं,” येसू पुटपुटली.

“गप गं,” सगुणाबाई म्हणाल्या.

विसाजीपंत उठून उभे राहिले. त्यांची घाई संपली होती.

“वैद्यराज, किल्लेदारांना काही उपचार चालू आहे?”

त्रिंबकभटांनी एकदा चौकाकडे पाहिले, एकदा किल्लेदारांकडे.

“आहे,” ते म्हणाले. “दीड महिना. रसकापूर. आणि पुरुषांच्या कोठीत हा रोग गोंदणाच्या सुईनं गेला. हेही मी स्वारींच्या कानी घातलं होतं.”

तलवार उपसली गेली नाही. हैबतरावांचा तो हात मुठीवरून आपोआप खाली आला.

कडेलोट टळला. पण कुणी असे समजू नये की मग न्याय झाला. हुजुरात थोरामोठ्यांना थोरामोठ्यांची अब्रू झाकावी लागते. हैबतरावांना ‘हवापालटा’साठी दुसरा गड मिळाला. त्या गडावरही कैदखाना होता, आणि तिथल्या कड्याही बाहेरूनच होत्या. बायांची शिक्षा कुणी माफ केली नाही. त्रिंबकभटांच्या गोळ्यांनी काहींचे डाग गेले, काहींचे दात गेले. येसूला पुढे मूल झाले ते मेलेलेच. आणि सदरेवर तोंड दाखवले म्हणून सगुणाबाईंच्या भावांनी त्यांना माहेर बंद केले. लाज कुणाची गेली, हे त्या भावांनाही कळले नव्हते.

पंतांनी गड उतरण्यापूर्वी एवढे मात्र विचारले, “बाईसाहेब, हुजुरांकडे काय मागणं आहे?”

“गोंदणाची सुई मोडावी,” सगुणाबाई म्हणाल्या. “आणि बायांच्या कोठीची कडी आतून बसवावी.”

“कैद्यांच्या हाती कडी?” पंत चकित झाले. “मग कैद ती कसली?”

“तीन अंगांना कडा, चौथ्या अंगाला महादरवाजा. पळून जातील कुठं? बाहेरची कडी त्या पळू नयेत म्हणून नव्हतीच, पंत.”

पंतांनी तिथल्या तिथे तसा हुकूम सोडला. सुई दगडाखाली चेचली गेली. गडाच्या लोहाराने दुपारभर ठोकून बाहेरची कडी उपटली आणि आतल्या अंगाला बसवली.

दिवेलागणीला येसूने ती लावून पाहिली. काढली, पुन्हा लावली. बाकीच्या बाया भिंतीशी बसून तिच्याकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने बाहेर जोडे करकरले. जमादार आला होता. त्याने सवयीने कडीसाठी हात घातला, तो लाकडावरच्या रिकाम्या भोकांवर पडला. मग त्याने दार ढकलले, खांदा लावून पुन्हा ढकलले.

दार उघडले नाही.