धरमकाट्यावरचे तीन किलो

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कापसाची बैलबंडी वजनाच्या धरमकाट्यावरून उतरली आणि रिकाम्या काट्याने तीन किलो दाखवले. डिसेंबर २००५, भातकुली रस्त्यावरचं, कापसातून सरकी काढणारं जिनिंग.

तहरीमने काट्याचा लोखंडी पत्रा झाडला. तीनच. पुढची बंडी तोलून गेली, तेव्हा सहा.

काट्याचा प्रोग्राम अमरावतीच्या श्यामच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला. तहरीम तिथे नोकरीला. दर बंडीमागे तीन किलो गुपचूप कापणाऱ्या चार ओळी त्यात होत्या. जिनिंगमालकाच्या सांगण्यावरून तिच्या आधी दुकानात असलेल्या देवीदासने लिहिलेल्या. शेतकरी ओरडले, तेव्हा मालकाने ही कापणी थांबवायला सांगितलं. तहरीम म्हणाली, ओळी पुसून टाका.

"पुसून काहून टाकतं? कॉमेंट कर. बोंब शमली का उघडता येते."

"उघडून कोणाले लुटता, श्यामभाऊ? माह्या अब्बाची बंडी तिथंच तोलल्या जाते."

कॉमेंट केलेली ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसापुरती उरते. प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा द्या, असं तहरीमने बजावलं होतं. एवढा कुटाणा कोण करतं, म्हणत श्यामने वर रेघ-चांदणी, खाली चांदणी-रेघ अशी एकच जोडी घातली. मधोमध देवीदासची जुनी टीप होती, तशाच जोडीतली. कॉमेंट तिच्यापाशीच संपली. खालची खूण उपरी ठरून चूक दाखवू लागली, तर श्यामने ती खोडली आणि काम झाल्याचं कळवून टाकलं. टिपेखालच्या ओळी यंत्र वाचतच होतं, कापणी चालूच राहिली. अब्बाची बंडीही कमी भरली.

त्या सकाळी तहरीम कोणाला न विचारता जिनिंगवर आली आणि चारही ओळींपुढे दोन-दोन रेघा मारल्या. पावत्या बिनचूक निघू लागल्या. रिकामा काटा मात्र भरत चालला.

श्याम धावत आला. तिनेच काहीतरी घुसवलं, म्हणाला. तिने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"दाखवा, कुठं हाय?"

त्याला सापडलं नाही. त्याच्यादेखत तिने चारही ओळी पुसल्या, एकेक अक्षर मागे सरत.

आकडा उतरला नाही. बंडीमागे चढतच गेला.

दिवस मावळताना साठ. हमाल काट्याला वळसा घालून जाऊ लागले.

भारनियमनात वीज गेली. श्यामने काट्याची बॅटरीही काढली.

लाल आकडा विझला नाही.

पोत्याचं वजन काट्यावर स्थिर राहतं. हा आकडा हलत होता. साठ, एकसष्ट, साठ. काट्यावर माणूस उभा राहून श्वास घेतो, तेव्हा हलतो तसा.