खड्ड्यातून आलेली ओ

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवलाच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. हट्ट करायला अंगात त्राण लागतं आणि ते माझ्यात फारसं उरलेलं नाही.

दिवस सांगतो. मोठं वादळ झालं, त्यानंतरचा चौथा दिवस. वेळ संध्याकाळी पावणेसहा. जागा म्हणजे पाण्याच्या टाकीमागून दवाखान्याकडे जाणारा चढाचा रस्ता. त्या रस्त्यावर एक झाड आडवं पडलं होतं.

मी पडलेली झाडं कापतो. उभी नाही, पडलेली. एकवीस वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं, पडलेलं झाड म्हणजे मेलेलं, त्यात कसली आलीये जोखीम.

तसं नसतं.

मोठं झाड वाऱ्याने पडतं तेव्हा मुळांसकट उपटतं. बुंध्याच्या टोकाला मुळांचा आणि मातीचा गड्डा उभा राहतो, दोन माणसांइतका उंच. त्याच्यामागे खड्डा. आडव्या खोडाच्या वजनाने तो गड्डा वर उचललेला असतो. आपण खोड कापलं की वजन सुटतं आणि गड्डा धाडकन परत आपल्या जागी बसतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेव्हा खड्ड्यात कुणी असेल तर...

म्हणून आधी हाक मारायची.

हे मला भाऊजींनी शिकवलं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. या कामाला मला त्यांनीच लावलं. हेल्मेट, तोंडावर जाळी, हातमोजे, पोलादी टोकाचे बूट आणि ती जाड पॅंट. तिच्या आत धाग्यांचे थर असतात. करवतीची साखळी पायाला लागलीच, तर ते धागे तिच्यात गुंततात आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. उन्हाळ्यात ती पॅंट घातली की माणूस शिजून निघतो.

मी कधी टाळाटाळ केली की भाऊजी म्हणायचे, "मेव्हणे, सूट चढवा."

"भाऊजी, दोन मिनिटांचं काम आहे."

"पाय जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. चढवा."

कानांवर घट्ट बसणाऱ्या दोन वाट्या असतात. मशीनच्या आवाजाने बहिरं होऊ नये म्हणून. पण त्या लावल्या की शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही. त्यामुळे भाऊजींचा नियम होता. शेवटचा काप घेण्याआधी मशीन बंद. वाट्या वर. खड्ड्याकडे तोंड करून मोठ्याने विचारायचं, "खड्ड्यात कोण?" मग मनातल्या मनात दहा मोजायचे. काही आलं नाही की वाट्या खाली आणि मशीन चालू.

चार वर्षांपूर्वी भाऊजी अशाच एका खड्ड्यात गेले.

तेव्हाही वादळच झालं होतं. तीन दिवस आम्ही धड झोपलो नव्हतो. क्रेन दुसऱ्या रस्त्यावर अडकली होती, त्यामुळे गड्डा बांधलेला नव्हता. वाऱ्याचा मारा चुकवायला भाऊजी खड्ड्यात टेकले होते, घोटभर पाणी प्यायला. सगळ्यांना नियम शिकवणारा माणूस. किती दमला असेल, तुम्हीच बघा.

मला वाटलं, ते पेट्रोल आणायला गाडीकडे गेलेत.

मी शेवटचा काप घेतला.

आमच्या खात्याचे साहेब आले तेव्हा माझ्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. त्यांनी एकच विचारलं, "हाक मारली होतीस ना?"

मी मान हलवली.

अहवालात तेच लिहिलं गेलं. हाक मारली, प्रतिसाद आला नाही. ताईने ते ऐकलं आणि म्हणाली, "त्यांना हल्ली कमीच ऐकू यायचं. मी कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. माझंच चुकलं."

चार वर्षं ती हेच म्हणत आली. येईल त्याला सांगायची. आणि दर वेळी मी समोर बसून तिच्या हातचा चहा पीत होतो.

मी हाक मारली नव्हती.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी दमलो होतो. दमणं हे काही कारण नव्हे, ते मलाही कळतं.

आता त्या चौथ्या दिवसाकडे येतो.

माझ्याबरोबर फक्त क्रेनवाला होता. देह असा की क्रेनच्या केबिनमध्ये तो आडवा होऊन शिरायचा, म्हणून सगळे त्याला पावशेर म्हणत. दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावाहून बदलून आलेला. भाऊजींचं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने गड्ड्याला साखळदंड बांधून क्रेनने ताणून धरला होता. या वेळी सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

मी फांद्या उतरवल्या. बुंध्याला वरून अर्धा काप घेतला. शेवटचा काप तेवढा राहिला होता. हात पार भरून आले होते.

मशीन बंद केलं. पावशेरलाही क्रेनचं इंजिन बंद करायची खूण केली. वाट्या वर केल्या.

आणि मला जाणवलं... काहीच ऐकू येत नव्हतं.

वारा पडला होता. पक्षी नाही, कुत्रं नाही. दवाखान्याचा जनरेटर सकाळपासून धडधडत होता, त्याचाही आवाज नव्हता.

मी वाट्या चाचपल्या. त्या वरच होत्या.

म्हटलं, थकव्याने कान बंद झाले असतील. खड्ड्याकडे वळलो आणि विचारलं.

"खड्ड्यात कोण?"

एक... दोन... तीन...

"ओ."

खड्ड्यातून आली.

हळू, जराशी ओढलेली. झोपेतून उठवलेला माणूस देतो तशी.

मी धावत खड्ड्याच्या काठाशी गेलो. आत गढूळ पाणी, तुटलेली मुळं, एक जुना पत्रा. माणूस लपेल एवढी जागाच नव्हती. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं.

मी काठावर उभा राहून पुन्हा विचारलं.

"कोण आहे?"

"ओ."

मी त्या पाण्याकडे बघत असताना आली.

मला काय सुचलं कोण जाणे, मी वाट्या कानांवर ओढल्या. घट्ट दाबल्या. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणूनच तर त्या असतात.

"ओ..."

वाट्यांच्या आत. अगदी कानाशी.

मी हेल्मेट काढून फेकलं आणि मटकन खाली बसलो. हा आवाज मी ओळखत होतो. सतरा वर्षं रोज ऐकला होता.

तेवढ्यात पावशेर केबिनमधून डोकं बाहेर काढून वैतागून म्हणाला, "अरे, बसलास काय? तुझा माणूस आत आहे ना, मघापासून ओ देतोय. आधी त्याला काढ बाहेर."

"तुला ऐकू आलं?"

"बहिरा आहे का मी?"

"ये आणि बघ."

तो कुरकुरत उतरला. खड्ड्यात डोकावला. पलीकडून फिरून पुन्हा डोकावला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा वैताग गेला होता. खिशातून फोन काढला आणि साहेबांना सांगितलं की क्रेनचं तेल गळतंय, काम सकाळीच होईल, दवाखान्याच्या गाड्या आजचा दिवस खालून वळसा घालून जाऊ देत.

क्रेनचं तेल अजिबात गळत नव्हतं.

"चल," तो मला म्हणाला. "बूट बदलू नकोस. असाच चल."

मी घरी गेलो नाही. ताईकडे गेलो.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बुटांसकट दारातच उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आजचंही आणि चार वर्षांपूर्वीचंही. मी मान हलवली होती, हाक मारली नव्हती. तुझं काही चुकलं नव्हतं, ताई.

तिने हातातली घडी पूर्ण केली. ती बाजूला ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"सव्वीस वर्षं संसार केला. मी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, असं एकदाही झालं नाही. अंघोळ करत असले तरी आतून ओ द्यायचे. तू हाक मारली असतीस तर ओ आलीच असती."

"मग ते कानाचं..."

"काहीतरी म्हणायला लागतं ना लोकांना. तू माझा धाकटा भाऊ. तुझ्यावर कसं ढकलू?"

मला खूप रडू आलं. ती मात्र रडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ओ कशी होती रे?"

"दमलेली."

तिने घड्यांचा ढीग उचलून कपाटात ठेवला. मग म्हणाली, "सकाळी मला घेऊन चल."

सकाळी सहाला आम्ही तिथे पोचलो. उजाडलं होतं. जनरेटर धडधडत होता, टाकीवर कावळे ओरडत होते, सगळं नेहमीसारखं. पावशेर आमच्या आधी येऊन बसला होता. त्याने ताईला स्वतःचं हेल्मेट दिलं. ते तिला नाकापर्यंत आलं. तिने ते मागे सारलं आणि खड्ड्याच्या काठापासून चार हातांवर उभी राहिली.

"अहो," तिने हाक मारली. मोठ्याने नाही. आतल्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी.

जनरेटरची धडधड थांबली.

"अहो, झालं काम. किती वेळ बसणार तिथे? चला आता घरी."

आम्ही तिघंही वाट बघत होतो. मी दहा मोजले, मग वीस, मग मोजायचं सोडून दिलं.

ओ आली नाही.

जनरेटर पुन्हा सुरू झाला. ताईने नाक पुसलं, हेल्मेट पावशेरच्या हातात दिलं. "आता काप तू," मला म्हणाली. ती रस्त्याकडे चालू लागली. मला तेव्हा वाटलं, ती जरा हळू चालतेय. कुणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवून चालावं तशी. पण मी रात्रभर झोपलो नव्हतो, त्यामुळे त्याचं फारसं मनावर घेतलं नाही.

मी वाट्या वर केल्या, हाक मारली, दहा मोजले. काही नाही. काप घेतला. पावशेरने गड्डा हळूहळू खाली सोडला आणि तो खड्ड्यात बसला. आठ वाजता रस्ता मोकळा झाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

दहा-बारा दिवसांनी मी ताईकडे जेवायला गेलो. भरदुपारी. ती कधी नव्हे ती हसतमुख होती. चार वर्षांत प्रथमच कानाचा विषय निघाला नाही. मला बरं वाटलं. मनावरचं ओझं उतरलं म्हणतात ते हेच, असंही वाटलं.

निघताना मी दाराबाहेर पायरीवर बसून बूट घालत होतो. ताई आत भांडी घासत होती. घरात आम्ही दोघंच होतो.

आतून तिचा आवाज आला. सहज, रोजचा.

"अहो, तो निघालाय. दार लावून घ्या."

माझा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

"ओ."

बाहेरच्या खोलीतून. माझ्या पाठीमागून, फार तर तीन हातांवरून.

दार हळूच ओढलं गेलं. आतून कडी लागली. स्वयंपाकघरात नळ चालू होता, ताईची भांडी वाजत होती.

मी मागे वळून पाहिलं नाही. नाडी तशीच लोंबत ठेवून कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.

पावशेरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दमलेली होती का?"

नव्हती.

ताई आनंदात आहे. तिला मी काहीच विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. कामावर मी अजूनही दर झाडाला हाक मारतो, दहा मोजतो. आता कुठल्याच खड्ड्यातून ओ येत नाही.

फक्त ताईच्या दारात उभा राहून मी हल्ली हाक मारत नाही. बेल वाजवतो.